वाटाण्याची आढी

उसळ शिजायच्या आधीच मी चव नोंदवहीत तिच्यापुढे ‘उत्तम’ असं लिहून खाली सही केली.

चव नोंदवही म्हणजे काय, ते ज्यांची मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत जात नाहीत त्यांना सांगायला हवं. शाळेत दुपारी मुलांना जेवण मिळतं. ते वाढण्यापूर्वी एका शिक्षकाने चाखायचं, कसं झालंय ते वहीत लिहायचं आणि सही करायची, असा नियम आहे. आमच्या शाळेत हे काम माझ्याकडे आलं, कारण मुख्याध्यापक बाईंना पित्ताचा त्रास आणि तिसऱ्या शिक्षकांचे उपास इतके, की ते साबुदाणा सोडून काही चाखतील अशी आशाच नको. राहिलो मी. मी काहीही खातो आणि कशालाही बरं म्हणतो. हा माझा गुण आमच्या घरी अवगुण समजला जातो.

पण न चाखता ‘उत्तम’ लिहायची हुक्की मला त्या एकाच दिवशी आली, आणि ती विज्ञानापायी आली.

मी राहतो शहापूरला. शाळा मुरबाड तालुक्यात, म्हशाच्या पुढे आत वळलं की लागते. रोज मोटारसायकलवरून जाऊन येतो. पाचवी ते सातवीला विज्ञान माझ्याकडे. या तिन्ही वर्गांना मी एकत्र बसवून एकदा ‘ऊर्जा आणि तिचा वापर’ शिकवायला घेतलं. सुरुवात नेहमीसारखी जोरात केली.

“ऊर्जा म्हणजे काय रे?”

“लाईट!” सगळे एका सुरात.

“बरं. लाईट कुठून येते?”

“डीपीतून.”

“आणि डीपीत कुठून येते?”

“वायरमन सोडतो.”

“वायरमनकडे कुठून येते?”

मग मागून एकजण म्हणाला, “त्याच्याकडं पण गेलेलीच असते, सर.”

मी फळ्यावर लिहीत गेलो. घरात ऊर्जा कशाकशाला लागते? मोबाइल, टीव्ही, पंखा, मिक्सर, काकांचा पाण्याचा पंप. फळा भरला. मग मी विचारलं, “आणि चूल?” त्यावर वर्ग खो खो हसला. “सर, चुलीला लाईट कुठं लागते?”

हसले ते बरोबरच होतं. अर्धा तास मीच ऊर्जा म्हणजे लाईट, लाईट म्हणजे ऊर्जा असं घोकून घेत होतो. आता माघार घ्यायची कशी? मी खडू ठेवला आणि सगळ्यांना घेऊन सरळ शाळेच्या स्वयंपाकघरात गेलो. माणूस वर्गात अडकला की त्याने सहल काढावी, हे मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकलो आहे.

स्वयंपाकघर म्हणजे शाळेच्या मागची पत्र्याची खोली. तिथे मावशी स्वयंपाक करतात. आम्ही शिक्षक त्यांना मावशी म्हणतो, मुलंही मावशी म्हणतात, आणि मुलांच्या आया लहानपणी याच शाळेत त्यांच्या हातचं जेवल्या, म्हणून त्याही मावशीच म्हणतात. गॅसची शेगडी आहे. पण सिलेंडर संपला की दुसरा आणायला मुरबाडकडे जाणारी कुणाची तरी गाडी मिळायला हवी, आणि तोवर चूलच. त्यातून मावशींच्या मते सिलेंडर हा पाहुणा आहे, चूल घरातली. तिच्यासाठीचं लाकूड त्या स्वतः रानातून आणतात. सुकी फाटी वेचायची, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन यायची. आठवड्यातून तीन खेपा. गुडघे दुखतात. दारातून आत येताना त्या चौकटीला धरून “आये” म्हणतात, तेव्हा पहिलीची मुलंसुद्धा मागून “आये” म्हणतात. पाढा म्हटल्यासारखं.

मी म्हटलं, आज आपण या मोळीचं वजन करू. विज्ञानाच्या पेटीत एक ताणकाटा होता, स्प्रिंगचा. तो बिचारा शंभर ग्रॅमची वजनं मोजायला बनवलेला. मी त्याला अख्खी मोळी अडकवली आणि दोन मुलांना वर उचलायला सांगितलं. स्प्रिंग जी सरळ झाली ती कायमची. आता ती वर्गात खिडकीच्या पडद्याला दोरी म्हणून आहे.

मग सातवीतली एक मुलगी म्हणाली, “सर, सीसॉवर ठेवूया ना.”

ही मुलगी पुढे सारखी येणार आहे, म्हणून सांगतो. वेण्या घट्ट, बोलणं कमी, अक्षर सुंदर. वर्गात मी काहीही म्हटलं तरी लिहून घेते. शिंकलो तरी लिहीत असावी असा मला संशय आहे.

मैदानातल्या सीसॉच्या एका टोकाला मोळी बांधली, दुसऱ्या टोकाला मुलं बसवून पाहिली. पहिलीतला एक बसला, मोळी हलली नाही. तिसरीतली एक मुलगी बसली, जरा हलली. तिसरीतल्या दोघी बसल्या, तेव्हा फळी आडवी झाली. सगळे त्या आडव्या फळीकडे बघत राहिले. मग त्या दोघींपैकी एक ओरडली, “म्हंजे मावशी आमाला दोघींना डोक्यावर घेऊन येते?”

“तुमाला नाय गो,” मावशी दारातून म्हणाल्या. “लाकडं बडबडत नाय.”

त्या तासाला मी जे शिकवलं ते सगळं त्या फळीने शिकवलं. मी आपला मान हलवत उभा होतो, जणू सगळं ठरवूनच केलंय.

आता खरं तर तिथे थांबायचं. पण मला कुठल्याशा प्रशिक्षणात ऐकलेलं आठवलं: डाळ किंवा कडधान्य पंधरा-वीस मिनिटं उकळायचं, मग भांडं गच्च झाकून पेंढ्याने भरलेल्या पेटीत ठेवायचं. आतली उष्णता आतच राहते आणि पुढचं शिजणं आपोआप होतं. विस्तव नको, फुंकर नको. लाकूड निम्म्याहून कमी लागतं. वर्गात परत येऊन मी फळ्यावर ‘उष्णतारोधक’ लिहिलं आणि हे मुलांना उत्साहाने सांगायला लागलो. “पेंढा हा उष्णतारोधक आहे. म्हणजे उष्णतेचं वहन…”

मुलांचे चेहरे हळूहळू मिटत गेले. तेवढ्यात ती वहीवाली मुलगी म्हणाली, “म्हणजे आढी.”

“काय?”

“आंब्याची आढी, सर. कच्चे आंबे पेंढ्यात घालतात ना पिकायला. हात घातला तर आत गरम लागतं.”

सगळा वर्ग एकदम जिवंत झाला. ज्याच्या त्याच्या घरी आढी. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या खाटेखाली. एकाच्या घरच्या आढीत मांजर व्यायली होती, कारण ऊब. मी फळ्यावरचं ‘उष्णतारोधक’ पुसलं आणि ‘आढी’ लिहिलं. माझ्या सबंध कारकिर्दीतली ही एक गोष्ट मी निःसंकोच शहाणपणाची म्हणून सांगू शकतो.

पण मुलीचं बोलणं संपलं नव्हतं. ती म्हणाली, “सर, आजी सांगते, आढीला सारखा सारखा हात लावायचा नाय. उघडझाप केली की आंबे नीट पिकत नाय.”

“ते आंब्यांचं,” मी म्हणालो. “हे विज्ञान आहे.”

तिने तेही लिहून घेतलं.

रविवारी मी घरी प्रयोग करून पाहिला. पुठ्ठ्याचं खोकं, माझे जुने स्वेटर, बायकोची गोधडी. वाल उकळून टोप त्यात ठेवला. वर उशी. बायको म्हणाली, “उशीला वालाचा वास लागला तर तूच झोप तिच्यावर.” मी खोक्याशेजारी पहारा द्यायला सतरंजी टाकून बसलो, आणि रविवार दुपार असल्यामुळे आडवा झालो. उठलो तेव्हा साडेतीन वाजले होते. वाल लोण्यासारखे. मी तीन दिवस ज्याला त्याला सांगत होतो, की तंत्र अचूक असलं की यश हे येतंच. माझी झोप हाही त्या तंत्राचा भाग होता, हे लक्षात यायला पुढे बरंच काही व्हावं लागलं.

शाळेत एक जुनी लाकडी पेटी होती. तिच्यात लेझीम ठेवायचे. लेझीम भिंतीला खिळ्यावर टांगले. येताजाता कुणाचा धक्का लागला की ते वाजायचे. मुलांनी घरून पेंढा आणला. म्हशाची यात्रा चालू होती, तिथून मी एक घोंगडी आणली. घोंगडीवाल्याने सवयीने विचारलं, “बैलावर टाकायला, का माणसाला?” मी म्हणालो, “वाटाण्याला.” त्याने घोंगडी देताना माझ्याकडे जरा जपूनच पाहिलं.

मावशींना पेटी बघून पहिली शंका आली ती योग्य आली. “पेंढ्यात गरम टोप? पेटंल ना, गुर्जी.” म्हणून टोपाचं बूड पुसायचं, एकही निखारा चिकटलेला नाही ना ते बघायचं, खाली आधी घोंगडी घालायची, असं ठरलं. हे त्यांनी ठरवलं. मी फक्त “अगदी बरोबर” म्हणत होतो.

आणि मग तो दिवस. रात्रभर भिजवलेले पांढरे वाटाणे. मावशींनी सकाळी आधी भात करून ठेवला, मग वाटाणे चांगले उकळले, मीठ-मसाला घातला. दहा वाजून गेल्यावर आम्ही टोप पेटीत ठेवला. साठेक मुलं, बाई, उपासवाले शिक्षक, सगळे जमलेले. मला भाषण सुचलं. भाषण करता करता मी तांब्याभर पाणी घेतलं आणि चुलीत ओतलं. “आता हिची गरज नाही!” मुलांनी टाळ्या वाजवल्या. मावशी नुसत्या राखेतून उठलेल्या वाफेकडे बघत राहिल्या. मग मी स्वयंपाकघरातली चव नोंदवही उघडली आणि त्या दिवसाच्या रकान्यात लिहिलं: उत्तम.

एक वाजता पेटी उघडली. वाटाणे कोमट पाण्यात पोहत होते. एक मी तोंडात घातला. दाढेखालून तो निसटला आणि माझ्याच शर्टावर आपटला.

सिलेंडर संपलेला, चूल ओली, फाटी ओली. परत पेटवायला घेतली तर खोलीत नुसता धूर, आणि मुलं ताटं वाजवत बसलेली. शेवटी भात मिठाशी वाढला. वाटाणे मुलांनी वाया घालवले नाहीत. संध्याकाळपर्यंत ते ‘गोळ्या’ म्हणून वापरात होते. समितीच्या अध्यक्षांचा नातू डोक्याला टेंगूळ घेऊन घरी गेला.

दुसऱ्या दिवशी शाळा व्यवस्थापन समितीची सभा लागली. समिती म्हणजे गावातल्या पालकांची. अध्यक्ष भातशेतीवाले, सरळ माणूस, पण नातवाच्या टेंगळामुळे जरा कडक झालेले. मी वाट बघत होतो की आता माझ्यावर येतील. ते आले मावशींवर.

“मावशीचा हात आता चालत नाय,” ते म्हणाले. “वय झालं. वाटाणा कच्चा राहतो म्हंजे काय? दुसरं कोन तरी बघूया. बाया हायेत गावात.”

मावशी दाराशी बसल्या होत्या. त्यांचा मुलगा कल्याणला कामाला जातो, घरचं सगळं सून बघते. शाळेतलं हे काम तेवढं त्यांचं स्वतःचं. हे मला माहीत होतं, तरी मी क्षणभर माझ्या बुटांकडे बघितलं. त्या क्षणाचं मी समर्थन करत नाही. बूट काही बघण्यासारखेही नव्हते.

मग मी उभा राहिलो. “चूक माझी आहे. पेटीचा प्रयोग माझा. चूल मी विझवली.”

अध्यक्षांच्या समोर चव नोंदवही होती. त्यांनी ती उघडली, रकान्यावर बोट ठेवलं. “आणि हे ‘उत्तम’ कोनी लिवलंय?”

“मीच.”

“म्हंजे मावशीला वाचवायला लिवलंत.” त्यांनी वही मिटली आणि बाकीच्यांकडे बघून मान डोलावली. “आन आतापन तेच करताय. गुर्जी, तुमचं मन मोठं हाय.”

“मन नाही हो मोठं! मी खरंच मूर्खपणा केला.”

“बघा,” अध्यक्ष म्हणाले, “अजूनपन वाचवताय.”

दोघा-तिघांनी हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदा मी भर सभेत खरं बोललो, आणि माझं कौतुक होऊन मावशींना आठ दिवसांची मुदत मिळाली. आठ दिवस सगळं वेळेवर नि शिजलेलं मिळालं तर ठीक, नाहीतर दुसरी बाई. घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “तुझ्यावर विश्वास ठेवायचा असतो तेव्हा लोक नेमका ठेवत नाहीत.”

मावशी दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. चहा द्यायच्या, पण बिनसाखरेचा. तिसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसलो. चूल पेटली होती. पेटी कोपऱ्यात, तिच्यावर लाकडांची मोळी.

“मावशी, माझं चुकलं.”

“ते सगळ्यांना माहीत हाय. समितीला सोडून.” त्यांनी फाटं आत सरकवलं. मग म्हणाल्या, “पेटी वाईट नाय.”

“काय?”

“परवा मी घरी केली. खोक्यात. मठ शिजले. मऊ.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “मंग तुमच्या हातनं काय झालं, त्येचा इचार करीत होते दोन दिस. म्हनून बोलले नाय.”

मला वाटलं होतं, राग आहे. इथे संशोधन चालू होतं!

“आणि समजलं?”

“समजलं. मुदतीच्या शेवटच्या दिवशी परत वाटाणाच करू. पेटीत. अध्यक्षांना जेवायला बोलवा.”

“मावशी, त्याच दिवशी कशाला? चुलीवर करा, वेळेवर होईल, काम राहील तुमचं. पेटी नंतर बघू.”

“चुलीवर केला तर ते बोलतील, आता जमला, तवा जमला नव्हता. डाग तसाच राहतो.” त्या गुडघ्यावर हात दाबत उठल्या. “आन ह्या दोन पोरी मी कुठवर डोक्यावर आनू? पेटी चालली तर खेपा कमी होतील. पन एक अट हाय.”

“बोला. पेंढा बदलू? अजून एक घोंगडी आणू?”

“तुमी नसायचं.”

“कुठे?”

“शाळेत.”

मी समजावून सांगायचा प्रयत्न केला, की प्रयोगाच्या वेळी मार्गदर्शकाने हजर असणं आवश्यक असतं. मावशींनी पदर खोचला आणि मला लाकडी पाटासकट दाराबाहेर सरकवलं, म्हणजे जवळजवळ.

मुख्याध्यापक बाई लगेच तयार झाल्या. इतक्या लगेच, की मला जरा लागलंच. वैशाखऱ्याच्या शाळेत काही पुस्तकं पोचवायची होती, ती त्यांनी माझ्या गाडीला बांधली. “सावकाश जा,” त्या म्हणाल्या. “पाऊण वाजायच्या आत आलात तर मी फाटक उघडणार नाही.”

पुस्तकं पोचवायला दहा मिनिटं लागली. मग माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका टपरीत बसलो. मोबाइलला रेंज नव्हती. घड्याळात पावणेअकरा. एवढ्यात टोप पेटीत गेला असेल. बूड पुसलं असेल का? घोंगडी नीट दाबली असेल का? मुलांना वहन, अभिसरण सांगायला कुणीतरी हवं होतं. टपरीवाल्याने चहाचं पातेलं झाकून ठेवलं होतं. मी सहज म्हणून उठलो आणि ताटली जरा बाजूला करून आत बघितलं.

“ओ, काय पायजे?” टपरीवाला म्हणाला.

“काही नाही. बघत होतो, गरम आहे का.”

“झाकलेलं हाय तर गरमच असंल ना. तुमी उघडलंत तर थंड व्हील.”

मी जागेवर येऊन बसलो. चहाचा घोट घेतला. आणि मग, त्या बाकावर, हळूहळू, मला तो कच्च्या वाटाण्याचा दिवस दिसायला लागला. टोप पेटीत. मी पेटीपाशी. मुलं येतायत. मी झाकण काढतोय… रविवारी खोक्याशेजारी मला झोप लागली होती. माझ्या यशाचं सगळं शास्त्र तेवढंच होतं.

साडेबाराला मी शाळेजवळच्या वळणावर पोचलो आणि आंब्याच्या झाडाखाली गाडी लावून उभा राहिलो. झाडाला मोहोर आला होता. शाळेतून आवाज येत नव्हता. साठ मुलांचा आवाज येत नाही म्हणजे एकतर ती जेवतायत, नाहीतर काहीतरी भयंकर झालंय. पाऊण वाजता मी फाटकातून आत गेलो.

मुलं पंगतीत बसून जेवत होती. कुणी वर बघेना. अध्यक्ष नातवाशेजारी मांडी घालून बसले होते. त्यांनी ताटातला एक वाटाणा दोन बोटांत धरला, दाबला. त्याचं पीठ झालं. दुसरा घेतला. त्याचंही झालं. मग ते खायला लागले आणि दुसऱ्यांदा उसळ मागून घेतल्यावर बोलले.

“मावशी, वाटाणा झ्याक. पन मंग तवा काय झालं होतं?”

मावशींनी पदराने हात पुसले आणि वहीवाल्या मुलीकडे बघितलं. “वाच गो.”

मुलगी उष्टा हात मागे धरून उभी राहिली. डाव्या हातात निरीक्षण वही. प्रयोग चालू असताना डोळ्यांना दिसेल ते सगळं वेळ घालून लिहायचं, ही शिस्त मुलांना मीच लावलेली. मला त्याचा अभिमान होता. ती स्वच्छ आवाजात वाचायला लागली.

“दहा वाजून दहा मिनिटे. टोप पेटीत ठेवला. दहा वीस. सरांनी पेटी उघडून झाकण काढले. आम्हाला वाफ दाखवली. दहा तीस. सरांनी झाकण काढले. चौथीला वाफ दाखवली. दहा पस्तीस. सरांनी झाकण काढले. चष्म्यावर वाफ आली. चष्मा पुसला. तोपर्यंत झाकण उघडे. दहा पन्नास. सरांनी झाकण काढले. पहिलीची मुले उंच नाहीत म्हणून एकेकाला उचलून दाखवले. अकरा वाजून दहा. सरांनी डाव घालून ढवळले. मावशी म्हणाल्या, ढवळू नका. अकरा पंचवीस. सरांनी झाकण काढले. वाफ कमी दिसते असे म्हणाले…”

पंगतीत खसखस सुरू झाली होती. अध्यक्षांनी तोंडावर हात धरला होता, खांदे हलत होते. मुलगी न हसता, न थांबता शेवटपर्यंत गेली. एकूण अकरा वेळा. शेवटची नोंद: “एक वाजता. वाटाणे कच्चे. सर म्हणाले, असं कसं झालं?”

मग अध्यक्ष मोठ्याने हसले. इतके, की त्यांना ठसका लागला आणि मावशींनी पाणी दिलं. पाणी पिऊन त्यांनी डोळे पुसले, आणि मावशींपुढे दोन्ही हात जोडले. “मावशी, माफ करा. माझं चुकलं. शाळेत स्वयंपाक तुमीच करायचा, जमंल तवर.” वळून मला म्हणाले, “ती वही आना, गुर्जी.”

मी चव नोंदवही आणली. त्यांनी सांगितलं तसं, माझ्याच अक्षरात, त्या ‘उत्तम’वर रेघ मारली आणि बाजूला लिहिलं: ‘कच्चे. चूक माझी.’ खाली परत सही केली. मग आजच्या रकान्यात लिहायला मी चमचाभर उसळ घेतली, नीट चावली, आणि मगच ‘उत्तम’ लिहिलं. मावशी बाजूला उभं राहून बघत होत्या.

आता आठवड्याला एक खेप पुरते. दुसऱ्या दोन वेळा मावशी दुपारी मुलांना वाढून झाल्यावर पाय पसरून बसतात. सातवीच्या मुलांनी स्वतःच्या घरीही खोकी मांडली. ऊर्जा म्हणजे काय असं विचारलं तर अजून पहिलं उत्तर ‘लाईट’ येतं, पण त्याच्या मागोमाग कुणीतरी ‘लाकडं’ म्हणतं, कुणी ‘आढी’, आणि तिसरीतल्या दोघीजणी हात वर करून म्हणतात, “आमी!”

पण हे पुढचं. त्या दिवशी पंगत उठल्यावर मला राहवलं नाही. मुलं हात धुऊन आली होती, अध्यक्ष प्रसन्न होते, उरलेल्या उसळीचा टोप संध्याकाळसाठी पेटीत परत झाकून ठेवलेला होता. मी म्हटलं, “मुलांनो, या सगळ्यामागचं शास्त्र काय ते आता आपण पाहू,” आणि घोंगडी बाजूला करायला हात पुढे केला.

मावशींनी पळी माझ्या मनगटावर ठेवली. जोरात नाही.

“तुमी वैशाखऱ्यालाच बरे होता, गुर्जी.”